"मग एवढं पैसं कशाचं देत्यात?"

लिव्हरपूलला आल्यापासून रविवारी आईचा फोन येतो. परवा तिनं विचारलं, "तुझा तो उंच गडी किती गोल मारतो रं?"

"तो मारत नाही आई. दुसऱ्याला मारू देत नाही."

"मग एवढं पैसं कशाचं देत्यात?"

प्रश्न रास्त आहे. जानेवारी २०१८ मध्ये लिव्हरपूल फुटबॉल क्लबनं व्हर्जिल व्हॅन डाइकला साडेसात कोटी पौंडांना घेतलं, तेव्हा बचावपटूसाठी जगात कुणीच एवढी रक्कम मोजली नव्हती. आणि गडी आला तो पहिल्याच सामन्यात एव्हर्टनवर, म्हणजे याच शहरातल्या दुसऱ्या क्लबवर, विजयी गोल मारून बसला! हे शहर लाल (लिव्हरपूल) आणि निळं (एव्हर्टन) असं वाटलं गेलंय, आपल्याकडे एका गल्लीत दोन मंडळं असतात तसं. माझा सहकारी निळा, म्हणजे एव्हर्टनवाला. त्या गोलाचा विषय निघाला की तो चहा अर्धा टाकून उठतो.

पण मार्च २०१९ ची ती क्लिप मला त्यानंच दाखवली. टॉटनहॅमविरुद्ध १-१ अशी बरोबरी. त्यांचा सिसोको चेंडू घेऊन सुटलाय, बाजूला त्यांचाच सॉन, आणि समोर हा एकटा. चेंडूवर झेप घेतली असती तर पास सॉनला आणि खेळ खलास. हा झेपावलाच नाही. सॉनकडची वाट अडवून मागं सरकत राहिला, सिसोकोला डाव्या पायानं मारायला लावलं. चेंडू गोलवरून वर. लिव्हरपूल २-१ नं जिंकलं.

तासगावकडं कबड्डीत मी उजव्या कोपऱ्याला उभा राहायचो. चढाईवाल्याचा पाय आत पडेपर्यंत हलायचं नाही, हे शिकायला मला तीन हंगाम आणि एक दात लागला. त्यामुळं ती क्लिप मी किती वेळा बघितली ते विचारू नका.

त्याच हंगामात इंग्लंडच्या व्यावसायिक खेळाडूंनी आपल्या मतांनी त्याला वर्षातला सर्वोत्तम ठरवलं. अंतिम सहा नावांत बचावपटू हा एकटाच. बाकी स्टर्लिंग, अग्वेरो, हझार्ड अशी मंडळी. जॉन टेरीनंतर चौदा वर्षांनी बचावातल्या माणसाला हा मान मिळाला. प्रेक्षक गोल मोजतात; ज्यांना त्याच्या अंगावरून जायचं असतं, ते वेगळंच काही मोजतात.

ऑक्टोबर २०२० मध्ये एव्हर्टनच्याच गोलरक्षकाच्या धडकेत व्हॅन डाइकच्या गुडघ्याचा एसीएल, म्हणजे सांधा आतून धरून ठेवणारा बंध, गेला. मिरजेत फिजिओथेरपी शिकल्यामुळं मला त्या बातमीनं झोप लागली नव्हती. अशा गुडघ्याचे कित्येक जण बरे होतात, पण वळताना मनातली भीती जात नाही. हा पुढच्या ऑगस्टमध्ये परत उभा राहिला, २०२३ ला लिव्हरपूलचा कर्णधार झाला.

हे सगळं आईला सांगितलं. ती "हं हं" करत होती. शेवटी म्हटलं, पोरगा असताना तो नेदरलँड्समधल्या ब्रेडा गावात एका हॉटेलात भांडी घासायचा.

"व्हय?" आईचा आवाजच बदलला. "मग गुणाचा हाय पोरगा. आन् तू? तुझी भांडी तूच घासतोस न्हवं?"

सिंककडं पाठ करून मी "हो" म्हणालो.