हाडाची स्लाइड

आज मेडिकलच्या हिस्टॉलॉजी (शरीरातल्या ऊतींचा अभ्यास) लॅबमध्ये पहिल्यांदा हाडाची स्लाइड पाहिली. बाहेर नागपूरचं ऊन रणरणत होतं, पण मला मायक्रोस्कोपवरून डोळा हलवावासा वाटेना.

घासून घासून पातळ केलेला काप. मधोमध रक्तवाहिन्या जातात ती हॅवर्शियन नलिका, भोवती झाडाच्या खोडात असतात तशी वर्तुळं आणि त्यांच्यात काळे ठिपके. प्रत्येक ठिपक्यातून अतिशय बारीक रेघा निघून शेजारच्या ठिपक्याला भिडलेल्या. कोणाचं तरी हाड होतं ते! त्या ठिपक्यांच्या जागी ऑस्टिओसाइट, म्हणजे हाडाच्या पेशी राहत होत्या, त्या रेघांमधून एकमेकींना धरून होत्या. आता तिथे नुसती हवा, म्हणून काळं दिसतं. इंग्रज डॉक्टर क्लॉप्टन हॅवर्सने १६९१ मध्ये मधल्या नलिकांबद्दल लिहिलं, म्हणून त्यांना त्याचं नाव.

ऑस्टिओक्लास्ट पेशी जुनं हाड विरघळवतात, ऑस्टिओब्लास्ट नवं घडवतात. मोठ्या माणसाचा साधारण १० टक्के सांगाडा दरवर्षी असा नवा होतो. बायकांची पाळी थांबली की मात्र विरघळणं वाढतं, भरणं मागे पडतं.

घरी आल्या आल्या आईला सांगितलं, या आठवड्यात हाडांची घनता तपासून घेऊ. "मला काय धाड भरली आहे?" म्हणाली. तरी नेणारच आहे.