सांधेदुखी

व्हिडिओ गेमची दुरुस्ती आपल्याकडे सुरू झाली ती फुंकरीने. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचा तो डबा बऱ्याच घरांत आला, त्याच्या पिवळ्या-लाल कॅसेटी आल्या (त्यांना कार्ट्रिज म्हणतात हे कोणाला ठाऊक होतं!), आणि पडद्यावर खेळाऐवजी रंगीत चौकटींची रांगोळी उमटली की काय करायचं, हे कोणी न शिकवता पोराटोरांना येत होतं. कॅसेट उपटायची, माउथऑर्गनसारखी तोंडावरून फिरवायची, पुन्हा खोचायची. चित्र यायचं.

श्रेय फुंकरीला मिळालं, काम केलं होतं उपटून खोचण्याने. तो डबा म्हणजे निन्टेंडोने १९८३ साली जपानात आणलेल्या फॅमिकॉमची नक्कल. त्याच्या कॅसेटच्या ओठाशी साठ पट्ट्या असतात, तीस पुढे, तीस मागे. खोचताना या पट्ट्या डब्यातल्या पिनांवर घासल्या जातात आणि वरची मळी थोडी खरवडली जाते. फुंकरीने काही साधत असेल तर एवढंच, की तोंडातली वाफ तांब्यावर बसते आणि काही महिन्यांनी तिथे हिरवट बुरशीसारखं काही दिसू लागतं. तरीही त्या पोरांचं निदान अगदी बरोबर होतं, हे मान्य करायला हवं. दुखणं सांध्यात होतं.

नव्याने शिकणाऱ्याला हे एक कळलं की निम्मी भीती जाते. बिघडलेला गेम हातात आला की वाटतं, आत काहीतरी गहन जळलं असणार. चिपा क्वचितच मरतात. झिजतं, गंजतं, सुटतं ते दोन गोष्टी जिथे एकमेकींना भेटतात तिथे: पट्टी आणि पिन, वायर आणि बोर्ड, बटणाचं रबर आणि त्याखालचा काळा ठसा. म्हातारपणी माणसाचं जे होतं, तेच.

कॅसेट साफ करायची तर ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कानात घालतात ती कापसाची काडी पुरते. पट्ट्यांच्या लांबीच्या दिशेने घासायचं, आडवं नाही. काडी काळी होईल. दुसरी घ्यायची, ती कमी काळी होईल. चौथी-पाचवी पांढरी राहिली की थांबायचं आणि दोन मिनिटं वाळू द्यायचं. खोडरबर वापरायचंच तर पांढरं, मऊ आणि हलक्या हाताने. शाई खोडायच्या खरखरीत रबराने मळीबरोबर वरचा मुलामाही निघतो, आणि मग ती पट्टी पूर्वीपेक्षा लवकर गंजते.

शिकायला सगळ्यात चांगली वस्तू मात्र कॅसेट नाही, त्याच डब्याचा रिमोट. बटणं दाबून दाबून त्याचा जीव जातो आणि तो उघडायला साध्या चौफुलीच्या स्क्रू-ड्रायव्हरपलीकडे काही लागत नाही. आत एक छोटा बोर्ड, त्यावर डांबराचा थेंब पडावा तसा काळा गोळा (चिप त्याखाली पुरलेली असते, ती दुरुस्त होत नाही, तिच्या वाटेला जायचं नाही) आणि पाच वायरी. एक पाच व्होल्टची, एक ग्राउंड, उरलेल्या तीन बोलण्याच्या. त्यांचं बोलणं शाळेतल्या हजेरीसारखं चालतं. सेकंदाला पन्नास-साठ वेळा डबा एका वायरीवरून ‘गप्प उभे राहा’ म्हणतो. दुसरीवरून आठ वेळा टकटक करतो. प्रत्येक टकटकीला एकेक बटण तिसरीवरून ‘हजर’ किंवा ‘गैरहजर’ सांगतं. आधी ए, मग बी, सिलेक्ट, स्टार्ट, आणि शेवटी चार दिशा.

हे कळलं की निदान आपोआप होतं. एकच बटण रुसलं असेल तर वायरीला दोष देता येत नाही, कारण बाकीची सात त्याच वायरीवरून हजेरी लावताहेत. दोष रबरात किंवा त्याखालच्या ठशात. सगळीच बटणं गेली असतील तर रबर निर्दोष, वायर तुटली. हलवलं की चालतं, सोडलं की बंद, असं असेल तर वायर नुसती तुटलेली नाही, आत तुटून वरच्या प्लास्टिकच्या आधाराने लोंबकळते आहे.

ती कुठे तुटते हेही ठरलेलं आहे: रिमोटच्या मानेशी, पहिल्या दोन इंचांत. पोरं खेळून झालं की वायर रिमोटभोवतीच करकचून गुंडाळतात, त्याचं हे फळ. खात्री करायला व्होल्ट आणि जोडणी तपासायचा साधा मल्टिमीटर चालतो, फक्त जोडणी सापडली की ‘बीप’ करणारा घ्यायचा, कारण तपासताना डोळे दुसरीकडे असतात. मीटरचं एक टोक वायर बोर्डाला जिथे जोडलेली असते तिथे ठेवायचं, दुसरं प्लगच्या भोकात खोचलेल्या टाचणीवर, आणि वायर मानेशी हळूहळू वाकवत जायची. बीप तुटक झाली की जागा सापडली. तिथून एक इंच पुढे कापायचं. पण कापायच्या आधी बोर्डाचा फोटो. नकली डब्यांत वायरींच्या रंगांना काही नियम नसतो. एकात लाल म्हणजे पाच व्होल्ट, दुसऱ्यात लाल म्हणजे भलतंच.

आता डाग द्यायचा. सोल्डरिंगला हा शब्द आपल्याकडे आधीपासून आहे, आणि गळक्या भांड्याला डाग देणाऱ्याला जे कळत होतं तेच इथेही लागतं. त्यातही कल्हई डोळ्यांसमोर आणली तर काम सोपं होतं. कल्हईवाला आधी भांडं तापवायचा, नवसागराने मळ काढायचा आणि मगच कथील फिरवायचा. थंड किंवा मळक्या भांड्यावर कथील पसरतच नाही. इथे भांड्याच्या जागी बोर्डावरची ती इवलीशी तांब्याची चकती आणि नवसागराच्या जागी राळ. नवसागर बोर्डावर चालत नाही, तो मागे राहून तांबं खात बसतो. सोल्डरच्या, म्हणजे कथील-शिशाच्या, तारेच्या पोटात राळ आधीच भरलेली असते. धूर निघतो तो तिचाच. खिडकी उघडी ठेवायची, आणि तारेत शिसं असतं म्हणून उठल्यावर हात धुवायचे.

नवशिक्या हमखास काय करतो? आयर्नच्या, म्हणजे डाग द्यायच्या तापत्या दांड्याच्या, टोकावर सोल्डर वितळवून घेतो आणि थेंब नेऊन जागेवर चिकटवतो. गोळा बसतो, चकाकतो, पकडल्यासारखाही वाटतो, आणि आठवड्याने सुटतो, कारण खालचं तांबं तापलेलंच नसतं. टोक चकती आणि वायर दोघांना एकदम टेकवायचं, मनात दोन म्हणायचं, आणि तार टोकाला न लावता सांध्याला लावायची. सांधा पुरेसा तापला असेल तर सोल्डर पाण्यासारखं आत ओढलं जातं. तार काढायची, मग आयर्न, आणि तीन सेकंद श्वास रोखल्यासारखं स्थिर राहायचं. चांगला डाग धान्याच्या राशीसारखा कडेला उतरत जातो. वाईट डाग मण्यासारखा गोल असतो. टोक काळं पडलं असेल तर कितीही वेळ टेकवा, उष्णता पुढे जात नाही. ओल्या स्पंजवर पुसायचं आणि लगेच ताजं सोल्डर चोपडायचं. ही टोकाची कल्हई. काम संपल्यावर तशीच ठेवून आयर्न बंद करायचं.

तार ६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं अशी मिळाली तर तीच घ्यावी. ती १८३ अंशांना एकदम वितळते आणि एकदम गोठते, मधली लापशीसारखी अवस्था नसते, त्यामुळे हात हलला तरी सांधा बिघडायला वेळच मिळत नाही. युरोपने १ जुलै २००६ पासून नव्या उपकरणांत शिशावर बंधन आणलं. त्यानंतरच्या यंत्रांतलं बिनशिशाचं सोल्डर २१७ अंशांच्या आसपास वितळतं आणि निघता निघत नाही. युक्ती अशी, की काढायच्या डागात आधी आपलं शिशाचं सोल्डर मिसळायचं. भेसळ झाली की ते कमी उष्णतेला पाझरतं आणि तांब्याच्या जाळीदार पट्टीने टिपून घेता येतं. ऐकायला उफराटं आहे: काढण्यासाठी आधी भर घालायची.

मुंबईत ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत हे सगळं मिळतं. सुटा भाग हवा असेल तर वर्णन करत बसू नये, जुना भाग खिशात घालून न्यावा.

अलीकडच्या यंत्रांत सगळ्यात लोकप्रिय दुखणं म्हणजे रिमोटवरच्या, अंगठ्याने फिरवायच्या स्टिकचं: हात न लावता पडद्यावरचा गडी एका दिशेला चालत सुटतो. स्टिकच्या खाली कार्बनचा पट्टा आणि त्यावर फिरणारी धातूची जीभ असते. मधल्या जागी जीभ सर्वांत जास्त वेळ घासली जाते, म्हणून पट्टा तिथेच झिजतो. क्लीनरचा फवारा मारला की दोन दिवस बरं वाटतं, कारण भुकटी बाजूला होते. झिजलेला कार्बन काही परत येत नाही. निन्टेंडो स्विचच्या जॉय-कॉनमध्ये (त्याचा छोटा रिमोट) ही स्टिक बदलायला सोल्डरिंगही लागत नाही, फक्त बाहेरच्या स्क्रूंना तीन पात्यांचा बारीक ड्रायव्हर लागतो आणि आतल्यांना बारीक चौफुलीचा. बाहेरच्यांवर चौफुलीचाच दडपून चालवला की स्क्रूचं डोकं गोल होतं आणि पुढचा तास त्याच्याशीच झटापट.

मागचे चार स्क्रू काढल्यावर दोन्ही अर्धे पुस्तकासारखे उघडायचे, खसकन ओढायचे नाहीत. मधून कागदासारख्या पातळ पट्ट्या गेलेल्या असतात आणि त्या बोटभरही सैल नसतात. आधी बॅटरीचा प्लग सोडवायचा. स्टिकची पट्टी ज्या खोबणीत जाते तिथे भाताच्या शिताएवढी एक झडप असते. ती नखाने उभी करायची, की पट्टी स्वतःहून सैल होते. झडप न उघडता पट्टी ओढली, तर दहा मिनिटांच्या कामाचं सोल्डरिंगच्या कामात रूपांतर होतं. नवी बसवताना पट्टी खोबणीला समांतर आहे ना ते बघायचं, केसभर तिरकी गेली तरी अर्धीच दिशा चालते. प्लेस्टेशन ४ च्या रिमोटमध्ये, डुअलशॉक ४ मध्ये, हीच स्टिक चौदा डागांनी बोर्डाला बांधलेली असते, म्हणून तिथे सुरुवात करू नये. आधी भंगार रेडिओच्या बोर्डावर शंभरेक डाग काढून-घालून झालेले असावेत.

स्क्रूंचं एक सांगायलाच हवं. ते वाटीत एकत्र टाकायचे नाहीत. कागदावर यंत्राचं ओबडधोबड चित्र काढायचं आणि ज्या जागेचा स्क्रू त्या जागी चिकटपट्टीने चिकटवायचा. एक उरला तर फारसं बिघडत नाही. आखूड भोकात लांब स्क्रू गेला तर तो खालच्या बोर्डातून आरपार जातो, आणि हे नुकसान मूळ बिघाडापेक्षा मोठं असतं.

सरकणारे सांधेही दुखतात. १९९४ च्या पहिल्या प्लेस्टेशनमध्ये डिस्क वाचणाऱ्या लेझरचा गाडा प्लास्टिकचा होता. तो झिजून कलायचा आणि नेम चुकायचा. लोकांनी यंत्र पालथं घालून खेळायला सुरुवात केली, आणि ते चालायचं, कारण कल उलट दिशेला जायचा. प्लेस्टेशन २ ने डिस्क नाकारली तर आधी लेझरचं भिंग अल्कोहोलने पुसून बघावं, पण दाब न देता. ते नाजूक तारांवर तोललेलं असतं. बाजूचं पांढरं चाक फिरवायचा मोह झाला तर आधी पेनाने खूण करून ठेवावी.

दिवा लागतो पण चित्र नाही, अशी तक्रार हल्ली बहुधा एचडीएमआयच्या, म्हणजे टीव्हीची वायर खोचायच्या, तोंडाशी असते. बॅटरी आणि भिंग घेऊन बघितलं तर एकोणीस पिनांतली एखादी वाकलेली दिसते. बघणं नवशिक्याचं काम, बदलणं नव्हे. तिथलं जाड तांबं आयर्नची सगळी उष्णता गिळतं, आणि घाई केली की चकतीच उखडून येते. आणि पॉवर सप्लायचा डबा तर उघडायचाच नाही. २३० व्होल्टचे आत ३२५ होतात आणि प्लग काढल्यावरही वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये काही काळ मुक्काम करतात.

काही सांधे दिसतच नाहीत. २००५ च्या एक्सबॉक्स ३६० ला तीन लाल दिवे लागून मरण यायचं ते चिपच्या पोटातल्या जोडांना गरम-गार होऊन तडे गेल्याने. २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्या दुखण्याची वॉरंटी तीन वर्षांची केली आणि त्यापायी एक अब्ज डॉलरपेक्षा जास्त रक्कम बाजूला काढली. घरगुती उपाय म्हणून लोक यंत्र टॉवेलात गुंडाळून तापवत, बोर्ड ओव्हनमध्ये भाजत. तापल्यावर तडा काही दिवस टेकतो, पुन्हा सुटतो. ज्या ओव्हनमध्ये घरचा केक होतो त्यात बोर्ड भाजणाऱ्याला काय म्हणावं!

परत त्या जुन्या डब्याकडे. त्याच्याबरोबर एक बंदूक यायची, उडती बदकं मारायची. ती उघडावी, घोड्याचा स्विच साफ करावा, वायर मानेशी कापून नवा डाग द्यावा, मल्टिमीटर प्रत्येक जागी बीप देतो, आणि नव्या टीव्हीवर एक बदक मरत नाही. बिघाड कुठेच नसतो. घोडा ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो, आणि बंदुकीतला डोळा तो उजेड शोधतो. पण शोधतो तो पिक्चर ट्यूबचा, सेकंदाला पंधरा हजारांवर रेघा ओढणारा लुकलुकता उजेड. सपाट टीव्हीचा उजेड तसा लुकलुकत नाही, आणि येतोही उशिरा. त्यामुळे कोणाच्या माळ्यावर जाड पाठीचा टीव्ही पडलाय का, हे विचारत फिरावं लागतं. मिळाला तर झटकून जोडावा. मागचं झाकण मात्र उघडू नये, आत वीस हजार व्होल्टच्या पुढचा कारभार असतो.