आमची वाटचाल: लग्नपत्रिकेपासून लायपेजपर्यंत

बाबांचं मिरजेत स्क्रीन प्रिंटिंगचं दुकान होतं. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, पेढ्यांच्या खोक्यांवरची नावं. डिजिटल छपाई आली आणि पत्रिका आटल्या. माझ्या धाकट्या बहिणीचं बायोकेमिस्ट्रीतलं एमएस्सी नुकतंच झालं होतं. तिनं एक दिवस शुगर तपासायची पट्टी बाबांसमोर धरली, "हे छापता येईल?" बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला, पट्टी डोळ्यांजवळ नेली नि म्हणाले, "यात काय, दोन शाया तर आहेत."

खरंच दोनच होत्या. पॉलिस्टरच्या शीटवर कार्बनची शाई, एका टोकाला सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराईडची शाई, ओव्हनमध्ये वाळवणं आणि वर इन्सुलेशनचा थर. बाबांच्या हाताला स्क्वीजीचा, म्हणजे शाई ओढायच्या रबरी पात्याचा, दाब पाठ, त्यामुळे पट्टी लवकर जमली. शुगरच्या धंद्यात मोठ्यांपुढे आपला टिकाव लागायचा नाही, म्हणून आम्ही द्रावणातली चरबी, म्हणजे ट्रायग्लिसराइड, मोजायचं ठरवलं. भोळेपणा, दुसरं काय!

एन्झाइम (रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन) बसवलेल्या इलेक्ट्रोडची, म्हणजे करंट मोजणाऱ्या टोकाची, कल्पना क्लार्क आणि लायन्स या शास्त्रज्ञांनी १९६२ सालीच मांडली होती. पण ग्लुकोजला एक एन्झाइम पुरतं, चरबीला तीन लागतात. लायपेज चरबी फोडून ग्लिसरॉल मोकळं करतं, ग्लिसरॉल कायनेज एटीपी नावाचं ऊर्जा देणारं रसायन खर्चून त्याला फॉस्फेट जोडतं, आणि तिसरं, एक ऑक्सिडेज, त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतं. आपण मोजतो तो या पेरॉक्साइडचा करंट. तिघांतलं एक रुसलं की रीडिंग गेलंच. त्यात चरबी पाण्यात मिसळत नाही, वर तरंगते. ट्रायटन नावाचं साबणासारखं रसायन घालून नीट फेटल्याशिवाय तिला हात लावायचा नाही, हे शिकायला आमचा एक उन्हाळा गेला.

पेरॉक्साइड मोजायला सहसा प्लॅटिनमचा इलेक्ट्रोड वापरतात, तो परवडणारा नव्हताच. शिवाय त्यावर पेरॉक्साइड मोजायला ०.६ ते ०.७ व्होल्ट लावावे लागतात आणि तेवढ्यात रक्तातलं क जीवनसत्त्व नि युरिक अॅसिडही मध्ये लुडबुडतं. बहिणीनं कार्बनवर प्रशियन ब्लू या निळ्या रंगद्रव्याचा थर दिला. हे काम मग शून्याच्या आसपासच्या व्होल्टला होऊ लागलं. सामू (पीएच) वाढला की तो निळा थर उतरतो, आणि आमची एन्झाइमं थोड्या अल्कधर्मी द्रावणातच खुलतात. दोघांची समजूत घालत बसावं लागतं.

एका डिसेंबरात ब्लँक, म्हणजे चरबीशिवायच्या कोऱ्या चाचण्या, बिघडले. नुसतं बफर (सामू स्थिर ठेवणारं द्रावण), चरबीचा थेंब नाही, तरी करंट. शाई बदलली, बफर नवं केलं, पाणी बदललं, फरक नाही. गंमत म्हणजे दुपारच्या बॅचमध्ये घोळ कमी, सकाळच्यात जास्त. शेवटी आई डबा घेऊन आली आणि पट्ट्या कापणाऱ्या मावशींचा हात हातात घेऊन म्हणाली, "किती फुटलेत गं! ग्लिसरीन लावतेस ना?" त्या म्हणाल्या, "लावते की, रोज सकाळी." बहीण जागच्या जागी खाली बसली. ग्लिसरीन म्हणजेच ग्लिसरॉल! तेव्हापासून दाराशी हातमोजे टांगलेत. रक्तातही मोकळं ग्लिसरॉल असतंच, म्हणून आता प्रत्येक पाकिटात लायपेज नसलेली एक पट्टी जोडीला देतो. तिचं रीडिंग वजा करायचं.

दूध संकलन केंद्रांना माल विकायचाही घाट घातला होता. रक्तात १५० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, म्हणजे लिटरला दीड ग्रॅम चरबी झाली की डॉक्टर भुवया उंचावतात. म्हशीच्या दुधात लिटरला साठेक ग्रॅम! पातळ करत बसायला पहाटे केंद्रावर वेळ कुणाला आहे? "फॅट किती लागली" हे सांगणारी मशिनं तिथं आधीच आहेत. आम्ही गाशा गुंडाळला.

पट्टीचा खर्च आजही किरकोळ आहे, पैसा जातो तो एन्झाइममध्ये नि फ्रिजमध्ये. एकदा एन्झाइमचं पार्सल मे महिन्यात कुरियरच्या गोदामात दोन दिवस पडून राहिलं; बर्फाचं पाणी झालं होतं. भरपाई मिळाली ती फक्त थर्माकोलच्या खोक्याची!

सध्या गिऱ्हाईक म्हणजे कॉलेजच्या प्रयोगशाळा नि संशोधन करणारी पोरं. पेशंटच्या तपासणीसाठी आम्ही पट्टी विकत नाही, त्याचे परवाने वेगळे, जबाबदारी वेगळी. बाबा अजूनही पहाटे पहिली शीट स्वतः ओढतात. लग्नसराईत एखादी पत्रिकाही छापतात, पण त्या कामात पट्ट्यांच्या टेबलाला आम्ही हात लावू देत नाही.