५अब

आठवीच्या सहामाहीत मी ३अ + २ब = ५अब असं ठोकून दिलं होतं. बाईंनी फुली मारली नाही. समासात फक्त 'भेट' एवढंच लिहिलं.

भेटलो. म्हणाल्या, "अ आणि ब ला किमती दे, दोन्ही बाजू करून बघ." मी हुशारी करून दोघांनाही १ दिला. डावीकडे ५, उजवीकडे ५! मी छाती काढून वर्गाकडे वळलो. बाई हसल्या. "आता अ दोन घे, ब तीन." डावीकडे १२ आले आणि उजवीकडे ३०. खडू हातातच राहिला.

तीन आंबे नि दोन केळी एकत्र होत नाहीत, असं शिकवायची तेव्हा पद्धत होती. बाईंना ते मुळीच चालत नसे. "अ म्हणजे आंबा नाही रे, कुठलातरी आकडा आहे. आणि अ आंबा, ब केळं, तर अब काय? शिकरण?"

सजातीय पदांखाली, म्हणजे अक्षर नि त्याचा घात सारखा असलेल्या पदांखाली, त्या एकाच रंगाच्या खडूनं रेघ ओढत. रेघ पदामागच्या चिन्हापासून सुरू व्हायची. ८क्ष − ५ − ३क्ष + २ मधला ३क्ष उचलताना आम्ही निम्मे जण वजा तिथंच विसरून यायचो आणि ११क्ष करून मोकळे व्हायचो. क्ष आणि क्ष-वर्गाला वेगवेगळे रंग का, यावर मात्र अख्खा तास गेला. शेवटी पुठ्ठ्याचा क्ष बाजूचा एक चौकोन नि क्ष लांबीची, एक रुंदीची पट्टी शेजारी ठेवली, तेव्हा कुठे पटलं.

चाळीसगावाजवळच्या पाटणादेवीला सहल गेली तेव्हा बाईंनी भास्कराचार्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा, १२०७ चा शिलालेख सांगितला. आजोबांचे ग्रंथ शिकवायला त्यानं तिथं मठ काढला होता. भास्कराचार्यांच्या बीजगणितातही नियम हाच: समान जातीच्यांची बेरीज-वजाबाकी, वेगळ्या जातीची वेगळी मांडायची. त्यांच्या अज्ञात राशींना नावंही रंगांची, कालक, नीलक, पीतक. रंगीत खडू त्यावरूनच सुचले का, हे विचारायचं राहून गेलं.

परवा धाकटीच्या वहीत ५अब दिसलं. म्हटलं, किमती घालून बघ.

तिनं दोन्हीकडे १ घातला.