भाजे, वाई आणि लिंब : छापचित्रांच्या मालिकेसाठी केलेली भटकंती

छापचित्रणाच्या वर्षअखेरीच्या प्रकल्पासाठी आमच्या वर्गाला ‘पाणी’ एवढाच विषय देण्यात आला, आणि पहिल्याच आठवड्यात भिंतीवर लागलेल्या कच्च्या आराखड्यांमध्ये लाटा, थेंब, मासे आणि डोक्यावर हंडे घेतलेल्या बायका यांच्यापलीकडे काहीही नव्हते. सरांनी ते सगळे शांतपणे पाहिले आणि पुढचे काही रविवार मोकळे ठेवायला सांगितले. मुक्कामाचा खर्च कोणालाच परवडणारा नसल्याने पहाटे पुण्यातून निघायचे, दिवसभर रेखाटायचे आणि रात्री परतायचे, असे ठरले. मोबाइलवर छायाचित्र काढायला बंदी नव्हती. मात्र त्या जागेचे रेखाटन पूर्ण झाल्याशिवाय मोबाइल बाहेर काढायचा नाही, असा दंडक होता. तो पहिल्या दिवशी जाचक वाटला, नंतर अंगवळणी पडला.

सुरुवात भाज्यापासून झाली, कारण लोणावळा लोकलने मळवलीला उतरले की पायीच जाता येते. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात कोरायला घेतलेल्या या लेण्यांत चैत्यगृहाच्या, म्हणजे बौद्ध प्रार्थनागृहाच्या, छताला अजूनही लाकडी फासळ्या आहेत, आणि आतले खांब लाकडी बांधणीची नक्कल करत किंचित आतल्या बाजूला कललेले आहेत. बहुतेकांनी ते खांब सरळ काढले. सरांनी पट्टीला दोरा बांधून त्याला खोडरबर लटकवले आणि तो ओळंबा खांबासमोर धरला, तेव्हा मधली फट सगळ्यांना दिसली. आमच्या विषयाच्या दृष्टीने मात्र चैत्यगृहापेक्षा शेजारच्या पोढ्या अधिक मोलाच्या होत्या. डोंगरावरून झिरपणारे पाणी कातळात साठवण्यासाठी खोदलेल्या या टाक्यांपैकी एकीवर महारठी कोसिकीपुत विण्हुदत याने ती दान दिल्याचा ब्राह्मी लेख आहे. भिक्षूंच्या वस्तीसाठी पाण्याची सोय करणे हे नाव कोरून ठेवण्याजोगे दान होते, हे त्या काळोख्या चौकटीत वाकून पाहताना नीट उमगते.

परतीच्या गाडीत अजिंठ्याचा विषय निघाला. मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स १८७२पासून पुढे अनेक हंगाम विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जात आणि भित्तिचित्रांच्या मोठमोठ्या प्रतिकृती करून घेत. त्यांतल्या बऱ्याचशा पुढे १८८५ साली लंडनच्या संग्रहालयात लागलेल्या आगीत जळून गेल्या. त्या विद्यार्थ्यांना दिवसाकाठी परत येण्याची सोय नव्हती, त्यामुळे आमच्या रविवारांचे फार कौतुक करून घेण्यात अर्थ नाही, असे सरांनी वर ऐकवलेच.

खरा ऐवज मिळाला तो वाईच्या फेरीत. कात्रजचा बोगदा, खंबाटकी घाट आणि सुरूर फाटा मागे टाकून आमची मिनीबस ऊन चढायच्या आत मेणवलीला पोहोचली. नाना फडणवीसांना हे गाव १७६८ साली इनाम मिळाले. त्यांनी इथे कृष्णेकाठी वाडा बांधला, आणि त्याच्या पिछाडीला चंद्रकोरीसारखा वळलेला घाट आहे. घाटावर मेणेश्वराचे आणि विष्णूचे अशी दोन देवळे आहेत, आणि एका लहानशा दगडी मंडपात वसईच्या मोहिमेनंतर आणलेली पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली, त्या विजयाची ही खूण. घंटेवर बाळ येशूला घेतलेल्या मेरीची उठावाची आकृती आहे आणि १७०७ हे साल आहे. देवळाच्या शेजारी ही घंटा इतकी निर्धास्तपणे लोंबत असते की तिच्या प्रवासाची गोष्ट कोणी सांगितली नाही तर शंकाही येऊ नये.

वाई–मेणवली हा परिसर चित्रकलेच्या विद्यार्थ्यांना नवा नाही. नाशिकच्या गोदाघाटाप्रमाणेच निसर्गचित्रणाच्या कित्येक पिढ्यांनी इथल्या पायऱ्या झिजवल्या आहेत, आणि अडचण नेमकी तीच आहे. दोन अडीच तासांनी सरांनी सगळ्यांना आपापली स्केचबुके पायऱ्यांवर ओळीने उघडून ठेवायला लावली. जवळपास प्रत्येक पानावर तेच दृश्य होते : डावीकडे देऊळ, मध्ये पायऱ्यांची उतरती रांग, उजवीकडे नदी आणि वर एक झाड. हात चांगले होते, पण सगळ्यांनी आपापल्या बसण्याच्या जागेवरून एकच कॅलेंडर काढले होते. अपवाद होता चिपळूणच्या आमच्या एका मैत्रिणीचा. तिने ना देऊळ काढले होते ना नदी. खालच्या पायऱ्यांच्या उभ्या बाजूंवर चढत गेलेले गाळाचे आणि शेवाळ्याचे पट्टे तेवढे तिने कोळशाने उतरवले होते, एकाखाली एक. जुलै २०२१च्या पुरानंतर घराच्या भिंतीवर राहिलेली रेघ पुढचे कित्येक महिने पुसली गेली नव्हती, त्यामुळे कुठेही गेले तरी आधी नजर तिकडेच जाते, असे तिने सांगितले.

सामूहिक सहलीचा जो काही उपयोग मला झाला, तो त्या क्षणी झाला. एकट्याने गेलो असतो तर मीही घरी जाऊन तेच देऊळ कोरले असते. नदी काढण्यापेक्षा नदी कुठवर येऊन गेली ते काढावे, हे मी दुसऱ्याच्या पानावरून उचलले, आणि तिला विचारूनच उचलले. तिने स्वतःच्या मालिकेत पुढे भिंतींचे पापुद्रे घेतले, मी पाण्याच्या पातळ्या घेतल्या.

त्या नजरेने पाहू लागल्यावर वाईतला ढोल्या गणपतीही वेगळा दिसला. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ साली बांधलेल्या या देवळाची मूर्ती पाहायला गर्दी होते; देवळाच्या मागे मात्र फारसे कोणी जात नाही. तिथे भिंतीला माशासारखा निमुळता आकार दिलेला आहे, तो पुराचे पाणी दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जावे म्हणून. आज वरच्या अंगाला धोम धरण असल्याने नदीचा स्वभाव पूर्वीसारखा राहिलेला नाही, पण भिंत अजून पुराची वाट अडवून उभी आहे. ही भिंत काढणे अवघड गेले. तिचा बाक समोरून सपाट दिसतो आणि तो कळायला सावलीची कड शोधावी लागते. लिनोलियमचा पत्रा कोरून छापायच्या लिनोकटमध्ये काळा किंवा पांढरा एवढेच हाताशी असल्याने मी शेवटी दगडांचे सांधे तेवढे पांढरे ठेवले आणि ते टोकाकडे एकमेकांच्या जवळ आणत गेलो. मग बाक आला.

पाचवडमार्गे महामार्गावर येऊन आनेवाडीच्या टोलनाक्यापुढे लिंब फाट्याला वळलो तोवर दुपार कलली होती. लिंब गावातली बारामोटेची विहीर शके १६४१ ते १६४६ या काळात वीरूबाई भोसले यांनी बांधवून घेतली. अष्टकोनी मुख्य विहीर, तिला जोडलेला आयताकृती भाग, आणि दोन्हींच्या मध्ये चक्क कोरीव खांबांचा छोटा महाल, अशी ही रचना वरून पाहिली तर शिवलिंगासारखी दिसते. सुमारे ११० फूट खोली आणि ५० फूट व्यास, हे आकडे आधी वाचले होते, तरी काठावर वाकल्यावर पोटात गोळा आलाच. आम्ही काठावर पसरून बसलो होतो तेव्हा गावातले एक आजोबा येऊन उभे राहिले. “विहीर काढताय, पण मोट कशी चालायची ते ठावं हाय का?” असे म्हणून त्यांनी नाडा हा जाड दोर कुठून यायचा, सोंदूर हा बारीक दोर कुठून यायचा, बैल धावेच्या उतारावरून उतरू लागले की मोट वर कशी चढायची आणि पाणी थारोळ्याच्या कुंडीत पडून पाटाला कसे लागायचे, हे हातवारे करून दाखवले. माझ्या त्या पानावर विहिरीपेक्षा आजोबांचे हातच जास्त आहेत.

प्रकाश मात्र हुकला होता. दुपारनंतर ऊन वरच्या टप्प्यावरच राहते आणि खाली सगळा एकच अंधार होतो. त्यामुळे आम्ही काहीजण पुढे एका रविवारी एसटीने भर दुपारी पोहोचण्याच्या बेताने पुन्हा गेलो. उन्हाळ्यात पाणी खाली गेलेले असताना दगडांच्या थरांवर पातळ्यांच्या रेघा स्पष्ट वाचता येतात. ज्यांना बांधकाम पाहायचे आहे त्यांनी मार्च ते मे याच काळात जावे, पावसाळ्यात अर्धी विहीर पाण्याखाली असते.

कोरायला बसल्यावर नवे प्रश्न उभे राहिले. छाप्यात चित्र उलटे येते, म्हणून घंटेवरचे १७०७ मी पातळ कागदावर गिरवून, तो कागद पालथा घालून लिनोवर उतरवले. विहीर तर एका पत्र्यात मावेचना. खोली दाखवायची तर कागद उभा आणि लांब हवा, आणि आमच्या कार्यशाळेतल्या प्रेसचा पाट तेवढा नाही. मग तीन तुकडे वेगवेगळे कोरून एकाखाली एक छापले. सांधे दोन ठिकाणी केसभर हलले. ते शाईने भरून घेण्याचा सल्ला अनेकांनी दिला, पण पाणी उतरत गेल्याच्या आडव्या रेघांमध्ये ते आपोआप मिसळून गेले, म्हणून तसेच ठेवले. प्रदर्शनात भाज्याची पोढी, मेणवलीच्या पायऱ्या, ढोल्या गणपतीची भिंत आणि लिंबची विहीर अशी चारही छापचित्रे मी चौकटींच्या उंचीने न लावता प्रत्येकातली पाण्याची वरची रेघ एका पातळीत येईल अशी लावली. त्यामुळे विहिरीचा खालचा तुकडा थेट फरशीला टेकला, आणि परीक्षकांना तो पाहायला उकिडवे बसावे लागले.