आईच्या पॅनवर दिल्लीत निघालेली फर्म : माझा अनुभव

माझी आई जिल्हा परिषदेच्या शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झाली. कराडला राहते. पेन्शन आणि मुदत ठेवींचं व्याज, एवढंच तिचं उत्पन्न. तिच्या पॅनवर दिल्लीत भंगाराच्या व्यापाराची एक फर्म निघाली होती आणि २०२३-२४ या आर्थिक वर्षात त्या फर्मची उलाढाल २ कोटी २८ लाख रुपये दाखवलेली होती. तिच्या नावाची ती बोगस जीएसटी नोंदणी रद्द करून घेताना काय काय करावं लागलं ते सविस्तर लिहिते आहे. आम्हाला गरज होती तेव्हा मराठीत सलग असं काही वाचायला मिळालं नव्हतं.

जुलै २०२४ मध्ये आईचं रिटर्न भरायला घेतलं. आयकराच्या पोर्टलवर एआयएस मिळतं, म्हणजे आपल्या पॅनवर वर्षभरात जे जे व्यवहार खात्याला कळवले गेले त्यांचं विवरण. त्याची पीडीएफ उघडायला पासवर्ड लागतो : पॅन इंग्रजी लहान अक्षरांत आणि त्याला जोडून जन्मतारीख. पेन्शन बरोबर होती, बँकेनं कापलेला टीडीएस बरोबर होता. खाली ‘इतर माहिती’मध्ये ‘जीएसटी टर्नओव्हर’ अशी एक ओळ होती. फॉर्म २६एएस या दुसऱ्या विवरणात आपल्याकडून आधीच कापलेला किंवा गोळा केलेला कर (टीडीएस-टीसीएस) तेवढाच दिसतो, त्यामुळे फक्त तो पाहून रिटर्न भरणाऱ्यांच्या नजरेला ही ओळ पडतच नाही. तेव्हा कृपा करून एआयएस उघडा, आणि शेवटपर्यंत वाचा.

आमच्या सीएंनी सांगितलं, आधी जीएसटीच्या पोर्टलवर जा. तिथे ‘सर्च टॅक्सपेयर’मध्ये ‘सर्च बाय पॅन’ आहे. लॉगिन लागत नाही, पॅन आणि खालचा कॅप्चा टाकला की त्या पॅनवर देशात कुठे कुठे जीएसटी नोंदणी आहे ते समोर येतं. आईचा पॅन टाकला आणि एक नंबर आला. जीएसटीचा नंबर पंधरा अक्षरी असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. महाराष्ट्राचे २७, दिल्लीचे ०७. इथे ०७ होतं आणि त्याला चिकटून आईचा अख्खा पॅन. त्यावर क्लिक केल्यावर ‘लीगल नेम’समोर आईचं पूर्ण नाव, तिच्या वडिलांनी ठेवलेलं नव्हे तर लग्नानंतरचं, पॅनवर आहे तसंच. ट्रेड नेम कुठलंसं ‘ट्रेडर्स’. माल : लोखंडी भंगार. नोंदणीची तारीख नोव्हेंबर २०२२. स्थिती ‘अ‍ॅक्टिव्ह’. दिल्लीतल्या एका गल्लीचा पत्ता. आई अजून दिल्लीला गेलेलीच नाही.

तारखेकडे सीएंनी लक्ष वेधलं. तोपर्यंत जीएसटी नोंदणीचा ओटीपी अर्जदार जो मोबाइल देईल त्यावर जायचा. पॅनला जोडलेल्या मोबाइलवर आणि ईमेलवर ओटीपी पाठवायचा नियम २६ डिसेंबर २०२२ च्या अधिसूचनेनं आला. आधीच्या नोंदण्यांत अशी किती निरपराध माणसं अडकली असतील, या विचारानं मला फार अस्वस्थ व्हायला होतं. केंद्र आणि राज्यांनी मिळून मे ते जुलै २०२३ आणि ऑगस्ट ते ऑक्टोबर २०२४ अशा दोन खास मोहिमा बोगस नोंदण्या शोधायला काढल्या, त्या उगाच नव्हेत.

हे लोक करतात काय, तर माल न देताच बिलं फाडतात. घेणारा त्या बिलावर इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, लाटतो, कर सरकारजमा होतच नाही. पुढे खातं मागावर येतं तेव्हा कागदावर जिचं नाव, वसुलीची नोटीस तिच्या नावानं. चुकवलेला कर पाच कोटींच्या वर असेल तर कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे. हे आईला सांगायचं की नाही यावर भाऊ आणि मी बरंच बोललो. सांगितलं. ती म्हणाली, “माझ्या नावानं चाललंय ना? मग अर्जावर सही माझीच हवी. मसुदा तू कर, मी वाचून सही करते.”

सगळ्यात आधी एआयएसमधल्या त्या ओळीवर ‘फीडबॅक’ दिला. पर्याय बरेच असतात : माहिती बरोबर, अंशतः चूक, दुसऱ्या पॅनची किंवा वर्षाची, दुबार, आणि ‘माहिती अमान्य’. आम्ही शेवटचा निवडला. त्याची पोच डाउनलोड करून ठेवली, आणि मगच ३१ जुलैच्या आत खऱ्या उत्पन्नाचं रिटर्न भरलं. हा क्रम सीएंनी आग्रहानं पाळायला लावला. पुढे कुणी विचारलं तर रिटर्न भरण्याआधीच आपण नकार नोंदवला होता, हे तारखेनिशी दाखवता येतं.

मग पोलिस. राष्ट्रीय सायबर पोर्टलवर तक्रार टाकली, पोच क्रमांक मिळाला. १९३० हा क्रमांक प्रामुख्यानं खात्यातून पैसे गेले असतील तेव्हा ताबडतोब फिरवायचा, आमचं प्रकरण वेगळं. स्थानिक ठाण्यात गेलो तेव्हा ठाणे अंमलदार म्हणाले, “ताई, फर्म दिल्लीत, गुन्हा दिल्लीत. तिकडं द्यायला लागंल.” नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्दीबाहेरच्या गुन्ह्याचीही फिर्याद नोंदवून घ्यावी लागते, हे भावानं छापून नेलं होतं. आईनं तो कागद टेबलावर ठेवला आणि शांतपणे म्हणाली, “साहेब, पॅन माझा आहे आणि मी इथं राहते.” त्यांनी वरिष्ठांना विचारलं आणि फिर्याद लिहून घेतली. नोंदणी २०२२ ची असल्यानं कलमं जुन्या भारतीय दंड संहितेची लागली, नवी न्याय संहिता १ जुलै २०२४ पासूनच्या गुन्ह्यांना. सोबत माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६सी, ओळख चोरल्याबद्दलचं. फिर्यादीची सही-शिक्क्याची प्रत हातात पडेपर्यंत आई खुर्चीवरून उठली नाही. तीच प्रत पुढे सगळीकडे चालली.

खरी अडचण दिल्लीच्या कार्यालयाशी होती. जीएसटी नोंदणी रद्द करायचा सरळ मार्ग म्हणजे लॉगिन करून अर्ज देणं. लॉगिन भामट्याकडे. खात्याची नोटीस निघाली तरी ती जाणार त्याच्याच मोबाइलवर आणि ईमेलवर. म्हणजे आईच्या नावाची कारवाई आईला कळणारच नाही. जीएसटीच्या मदतक्रमांकावर सांगितलं गेलं की निर्णय हद्दीच्या अधिकाऱ्याचाच. ती हद्द, म्हणजे कुठला वॉर्ड, त्या शोधपानावरच लिहिलेली असते. आईचा अर्ज, शंभरच्या स्टँपवरचं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र, फिर्याद, पेन्शनचा आदेश, एआयएसची पोच आणि शोधपानाची छापील प्रत असं सगळं रजिस्टर पोस्टानं आणि ईमेलनं पाठवलं. केंद्रीय जीएसटीची हद्दही त्याच पानावर होती, तिकडेही एक प्रत. जीएसटीच्या तक्रार पोर्टलवरही तक्रार टाकली, तिथला तिकीट क्रमांक प्रत्येक पत्रावर लिहिला.

बरेच दिवस काहीच उत्तर नाही. माझ्यापेक्षा भावाचं हिंदी बरं, त्यामुळे फोन तो करायचा. शेवटी एका महिला अधिकाऱ्यानं फाइल शोधून काढली. अर्जात कायद्याचं कलम लिहा, असं तिनंच सुचवलं : सीजीएसटी कायदा, कलम २९(२)(ई), फसवणुकीनं मिळवलेली नोंदणी, आणि ती नोंदणीच्या दिवसापासून रद्द करावी. हे शेवटचे शब्द फार महत्त्वाचे. आजपासून रद्द केली तर मधल्या काळातली बिलं आईच्या माथी राहतात. त्या अधिकारीबाईंच्या माणसांनी पत्त्यावर जाऊन पाहिलं, तिथे तसली कुठली फर्म नव्हती. आधी नोंदणी स्थगित झाली, कारणे दाखवा नोटीस निघाली आणि मग रद्दचा आदेश आला, नोव्हेंबर २०२२ च्या तारखेपासून. शोधपानावर ‘कॅन्सल्ड सुओ मोटो’, म्हणजे खात्यानं स्वतःहून रद्द केलेली, असं दिसलं. एआयएसमध्ये मूळ कळवलेली रक्कम अजून आहे, पण तिच्या शेजारी प्रक्रियेनंतरची रक्कम शून्य झाली. पोलिस तपास चालू आहे.

तोवर आणखी एक तपासणी उरकली. कर्ज काढलं गेलंय का हे पाहायला सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या चारही कंपन्यांचे अहवाल काढले. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं प्रत्येकीकडून वर्षातून एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो. चारही स्वच्छ निघाले.

पॅन बाहेर कुठून गेला हे सांगता येणार नाही. बँक, पतसंस्था, सराफ, विमा, सिमकार्ड, पेन्शनची कागदपत्रं, सगळीकडे झेरॉक्स दिलेल्या, आणि बहुतेक ठिकाणी देणं भागच होतं. बँकेला पॅन दिला नाही तर ठेवीच्या व्याजावर २० टक्के टीडीएस कापतात, आणि टीडीएस कापू नये म्हणून ज्येष्ठांनी द्यायचा फॉर्मही पॅनशिवाय चालत नाही. एटीएम कार्डासारखं जुनं बंद करून नवं घेता येत नाही. पॅन जन्मभर एकच, दुसरा बाळगला तर १०,००० रुपये दंड. म्हणून मला वाटतं, लपवण्यापेक्षा प्रत्येक प्रत कशासाठी दिली हे तिच्यावरच नोंदवलेलं असलं पाहिजे. आई आता झेरॉक्सवर आडवी रेघ मारून तिच्यावर आपल्या वळणदार अक्षरात लिहिते : ‘फक्त अमुक पतसंस्थेच्या केवायसीसाठी’, खाली तारीख, आणि सही अर्धी फोटोवर, अर्धी कागदावर.

आणि मागणाऱ्याला कारण विचारते. भाच्याच्या लग्नाला मंगल कार्यालय ठरवताना व्यवस्थापकानं पॅनचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागितला. पैसे चेकनं द्यायचे होते. आईनं विचारलं, “कुठल्या नियमानं?” त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार दिलं, काम झालं. माझ्या घरमालकांचा पॅन मात्र मला कंपनीत द्यावाच लागतो, वर्षाचं भाडं लाखाच्या वर आहे आणि मी घरभाडे भत्त्यावरची (एचआरए) करसवलत घेते. मी त्यांच्याकडून कार्डाची प्रत घेत नाही, भाडेकरारातला क्रमांक तेवढा कंपनीच्या पोर्टलवर भरते.

आईबरोबर निवृत्त झालेल्या बाई आता मला फोन करतात : माझाही पॅन बघून दे. मी त्यांना सांगते, पॅन मला पाठवू नका. मोबाइल हातात घ्या, जीएसटीचं सरकारी पोर्टल उघडा, ‘सर्च टॅक्सपेयर’, मग ‘सर्च बाय पॅन’, आणि क्रमांक तुमचा तुम्ही टाका. मी फोनवर थांबते.