गिअरऐवजी फ्लॅप

रिपोर्ट सहवैमानिकाने स्वतःहून दिला होता. विमान वर निघाल्यावर कॅप्टनने 'गिअर अप', म्हणजे चाकं आत घे, म्हटलं आणि या सहवैमानिकाचा हात फ्लॅपच्या, म्हणजे पंखांना जादा उचल देणाऱ्या पट्ट्यांच्या, लिव्हरवर गेला. लगेच लक्षात आलं, लिव्हर परत जागेवर ठेवला. फ्लॅप सावकाश सरकतात, त्यामुळे उड्डाणांचा डेटा तपासणाऱ्या आमच्या यंत्रणेच्या अलार्मची मर्यादा ओलांडलीच गेली नव्हती. त्याने लिहिलं नसतं तर कुणालाही कळलं नसतं.

वरिष्ठांनी पहिला प्रश्न विचारला, "इतकी ढोबळ चूक होतेच कशी?" होते. दुसऱ्या महायुद्धात बी-१७ या बॉम्बर विमानाचे वैमानिक उतरल्यावर फ्लॅपऐवजी चाकं उचलायचे. मानसशास्त्रज्ञ अल्फॉन्स चापानिस यांनी त्यावर लिव्हरच्या मुठींचे आकारच बदलायला लावले. आजही गिअरची मूठ चाकासारखी असते, ती त्यामुळेच.

मी त्या उड्डाणाच्या डेटाचा आलेख सेकंदासेकंदाने उलगडत बसलो. गिअरचा लिव्हर समोरच्या पॅनेलवर, फ्लॅपचा दोघांच्या मधे, मग हात तिकडे गेला का? रेडिओचं बटण कधी दाबलं तेही रेकॉर्डरमध्ये नोंदलं जातं. ती रेघ शेजारी लावली आणि दिसलं, लिव्हर हलला तेव्हा तो कंट्रोलरला उत्तर देत होता. मग याच नजरेने जुना डेटा चाळला. हीच हालचाल आणखी काही उड्डाणांत सापडली. त्यांपैकी एकाचाही रिपोर्ट नव्हता.

तोवर त्या सहवैमानिकाला उड्डाणावरून उतरवलं होतं. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचं परिशिष्ट १३ स्पष्ट सांगतं की तपास पुन्हा अपघात टाळण्यासाठी असतो, दोष वाटण्यासाठी नाही. ते आमच्या कपाटात आहे, बैठकीत कुणी काढत नाही.

सगळं माफ करा, असं मी म्हणत नाही. वेग आणि उंची बसत नाही हे दिसत असताना, 'गो-अराउंड', म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर चल, हे ऐकूनही जो विमान उतरवतो, त्याला जाब विचारलाच पाहिजे. पण इथे कुणी काही ठरवून केलं नव्हतं. आणि खरं सांगणारा घरी, गप्प राहिलेले आकाशात. त्यांची नावं काढणं मला शक्य आहे, पण डेटा शिक्षेसाठी वापरणार नाही हा शब्द आम्ही वैमानिकांना दिलेला आहे. तो मोडला तर उरलेले रिपोर्टही थांबतील. हा तिढा मला अजून सुटलेला नाही.

गिअर वर जाईपर्यंत रेडिओला उत्तर देऊ नये, ही माझी सूचना मंजूर झाली. तो पुन्हा उडतोय. त्याच्या फाइलमधला शेरा मात्र तसाच आहे. तो काढावा म्हणून मी पुन्हा लिहिलंय.